निर्दोष कर्नल

“मी त्या बटणाला हातसुद्धा लावला नाही,” सिस्टर भिंगारदिवे तिसऱ्यांदा म्हणाल्या.

“मग यंत्र काय आपलं आपण मॅन्युअलवर गेलं?” उपेंद्रसरांनी हसून विचारलं. समोरचं माणूस मूर्ख आहे असं सुचवायचं असलं की ते असेच हसायचे.

“मॅन्युअलवर गेलंच नव्हतं, साहेब. ऑटोवरच होतं. पडद्यावर साडेछत्तीस दाखवत होतं आणि बाळाची पाठ लालबुंद. मी बाळ उचललं आणि प्लग ओढला.”

“प्लग ओढलात. म्हणजे पुरावापण तुम्हीच पुसलात.”

मी चमकून सरांकडे बघितलं. भाजणारं बाळ उचलायच्या आधी या बाईंनी पंचनामा करायला हवा होता काय? पण डॉक्टर शेटे, म्हणजे त्या दवाखान्याचे प्रमुख, गंभीर चेहऱ्यानं मान डोलवत होते. खोलीत एक खुर्ची रिकामी होती. तिच्यावर सरांची बॅग ठेवलेली होती आणि सिस्टर उभ्या होत्या.

जुन्नरकडच्या एका ट्रस्टचा हा दवाखाना. आमची भोसरीची कंपनी नवजात बाळांना ऊब देणारे वॉर्मर बनवायची. खाली गादीवर बाळ, वर हीटर, बाळाच्या पोटाला चिकटवलेला सेन्सर. अंग तापलं की हीटर आपोआप कमी व्हायचा, गार पडलं की वाढायचा. निदान व्हायला तरी हवा होता. त्या दिवशी तो कमी झाला नाही. बाळ वाचलं, पण पाठीवर फोड आले आणि त्याला आईसकट पुण्याला हलवावं लागलं. सिस्टरनी यंत्र मॅन्युअलवर, म्हणजे सेन्सरकडे न बघता सारखं तापत राहील असं, टाकलं आणि चहाला निघून गेल्या, असा आरोप ठेवून ट्रस्टनं त्यांना निलंबित केलं. सोमवारी चौकशी समिती बसणार होती. त्यात आरोप सिद्ध झाला तर नोकरी जाणारच होती, शिवाय नर्सिंगची नोंदणीही. चोवीस वर्षं बाळंतिणी आणि बाळं सांभाळलेल्या बाईला पुन्हा कुठल्या दवाखान्यानं दारात उभं केलं नसतं.

मी त्या कंपनीत फर्मवेअर लिहायचे. फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या पोटातला प्रोग्रॅम. हीटरचा प्रोग्रॅम मात्र माझा नव्हता. तो खुद्द उपेंद्रसरांनी, म्हणजे आमचे मालक उपेंद्र सरपोतदार यांनी, कंपनी काढली तेव्हा लिहिला होता, आणि देव्हाऱ्यातल्या देवासारखा होता. त्याला रोज नमस्कार करायचा, हात लावायचा नाही.

परतीच्या वाटेवर गाडीत सर म्हणाले, “वैजयंती, तू एक तुलनात्मक अहवाल तयार कर. आपलं कर्नल आणि बाजारात जी दुसरी ओपन सोर्स कर्नल आहेत ती, शेजारी शेजारी ठेव. आपलं किती भरवशाचं आहे, किती लाख यंत्रांत चालतंय, सगळं येऊ दे.”

“त्याचा या प्रकरणाशी काय संबंध, सर?”

“अगं, साधं आहे. कर्नल निर्दोष म्हणजे यंत्र निर्दोष. यंत्र निर्दोष म्हणजे मग उरलं कोण?”

“पण सर, त्या खोटं बोलताहेत असं मला वाटलं नाही.”

“तुला काय वाटतं ते अहवालात नको. आणि हेही लिही, की आपल्या टेस्टिंग रूममधलं यंत्र चार महिने अखंड चालू आहे. एकदाही अडकलेलं नाही.”

कर्नल म्हणजे चिपवर बसलेला मुकादम. सेन्सर वाचणारा, पडदा रंगवणारा, हीटर सांभाळणारा, असे प्रोग्रॅमचे चार गडी असतात. कुणी कधी उठायचं, किती वेळ राबायचं, कुणासाठी कुणी थांबायचं, ते हा मुकादम ठरवतो. जगभरची माणसं मिळून असे मुकादम घडवतात आणि सगळ्यांना फुकट देतात. कुणीही उघडून वाचावं, वापरावं, चूक सापडली तर सांगावी. आमच्या वॉर्मरमध्ये असंच एक छोटं कर्नल होतं, फ्रीआरटॉस नावाचं. त्याच्याशेजारी तोलायला मी झेफर आणि लिनक्स घेतली.

खरं सांगते, कामाला बसले ती रागातच, पण वाचता वाचता रमले. लिनक्स आमच्या चिपवर बसवणं म्हणजे खुराड्यात म्हैस बांधण्यासारखं होतं, तरी तिची शिस्त बघण्यासारखी. झेफर नवं, भरपूर सोयींचं, पण सुरुवातीला घाम काढणारं. आमचं फ्रीआरटॉस एवढंसं, चार खोल्यांच्या घरासारखं, कुठं काय ठेवलंय ते लगेच सापडणारं. सगळ्यात मजा आली ती लोकांची भांडणं वाचताना. कोण कुठला जर्मन, कोण कुठला कोरियन, एकमेकांच्या चुका भर चव्हाट्यावर मांडून तावातावानं वाद घालतात, आणि शेवटी ज्याची चूक असेल तो निमूटपणे ‘हो, चुकलं’ म्हणून दुरुस्त करतो. आमच्या कंपनीत असलं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं.

तिन्हींत वेळ कशी मोजतात ते मी सगळ्यात बारकाईनं बघितलं. हीटरचं सगळं वेळेवरच चालतं. छोट्या चिपमध्ये वेळेचा आकडा स्कूटरच्या किलोमीटरच्या आकड्यासारखा असतो. सगळे नऊ भरले की पुन्हा शून्य. आमच्या चिपमध्ये हा आकडा पन्नासेक दिवसांत भरायचा. झेफरनं मुळातच एवढा मोठा आकडा घेतलाय की तो भरायला कित्येक जन्म लागावेत. फ्रीआरटॉसनं शून्यावर यायच्या क्षणासाठी नीट सोय करून ठेवलीय, मुकादम अजिबात गोंधळत नाही. आणि लिनक्समध्ये मला जे सापडलं, ते वाचून मी खुर्चीतच हसले. तिथं त्या मंडळींनी यंत्र सुरू होतानाच घड्याळ मुद्दाम असं लावून ठेवलंय, की पाचच मिनिटांत आकडा भरून शून्यावर यावा. कशासाठी? तर कुणी त्यावर चुकीचा प्रोग्रॅम लिहिला असेल, तर तो पन्नास दिवसांनी कुणाच्या तरी उरावर न बसता पाच मिनिटांत लिहिणाऱ्याच्याच डोळ्यांसमोर पडावा.

केवढी ही नियत! मला त्या न बघितलेल्या माणसांविषयी एकदम माया वाटली.

आणि मग हसू थांबलं. मुकादम गोंधळत नाही, हे ठीक. पण गड्याचं काय?

तो गुरुवार होता. भोसरीत गुरुवारी कारखान्यांना सुट्टी असते, म्हणून मी चिंचवडला घरीच बसून हे करत होते. वॉर्मरचा बोर्ड, म्हणजे चिप, पडदा आणि सेन्सर जोडलेली पट्टी, सोबत आणलेला होता. मी सरांचा देव्हाऱ्यातला प्रोग्रॅम उघडला. त्यात साधी ओळ होती: आत्ताची वेळ मागच्या वेळेपेक्षा मोठी असेल, तरच तापमान तपासून हीटर कमी-जास्त कर. दिसायला अगदी शहाणी ओळ. पण घड्याळ शून्यावर आलं की आत्ताची वेळ मागच्या वेळेपेक्षा मोठी कशी असणार? मग तपासणी बंद. पडद्यावर शेवटचा आकडा तसाच गोठलेला. आणि हीटर त्या क्षणी चालू असेल तर चालूच. अलार्मसुद्धा त्याच तपासणीतून वाजायचा, त्यामुळे तोही मुका.

आमच्या कर्नलमध्येही घड्याळ कुठून सुरू करायचं ते ठरवायची सोय होती. मी ते लिनक्ससारखं पाच मिनिटं आधी लावलं, हीटरच्या जागी एक दिवा जोडला आणि सेन्सर गरम पाण्याच्या पेल्यात आत-बाहेर करत राहिले. दिवा मंद व्हायचा, वाढायचा, मंद व्हायचा. पाच मिनिटं झाली आणि दिवा पेटला तो पेटलाच. मी सेन्सर उकळत्या पाण्यात घातला, तरी पडद्यावर साडेछत्तीसच.

सिस्टर अक्षर न् अक्षर खरं बोलत होत्या.

पहिल्यांदा मी आमच्या सर्व्हिस विभागातल्या मुलीला फोन केला आणि जिथं जिथं ही यंत्रं गेली होती तिथं कळवायला लावलं, की बाळ बाजूला घ्या, यंत्र बंद करून पुन्हा चालू करा, आणि पुढचं कळवेपर्यंत नुसत्या पडद्यावर विसंबू नका. सुट्टीच्या दिवशी बिचारी दुपारभर फोन करत बसली. मग मी विचार करत राहिले, की आमच्या टेस्टिंग रूममधलं यंत्र चार महिन्यांत एकदाही कसं अडकलं नाही. बराच वेळ घोडं कुठं पेंड खातंय ते कळेना. आणि कळलं तेव्हा कपाळावर हात मारून घेतला. आज गुरुवार. दर बुधवारी संध्याकाळी वॉचमन कंपनीचा मेन स्विच पाडूनच कुलूप लावायचा. सुट्टीच्या दिवशी उगाच वीज जळू नये, हा सरांचाच कडक नियम. शुक्रवारी सकाळी यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं, घड्याळ पुन्हा शून्यापासून चालायला लागायचं. त्या दवाखान्यात मात्र जनरेटर होता, इन्व्हर्टर होता, आणि वॉर्मर बसवल्यापासून पन्नासेक दिवस कुणी बंदच केला नव्हता.

शुक्रवारी मी सरांच्या केबिनमध्ये शिरले.

“चार महिने अखंड नाही, सर. सहा-सहा दिवस. दर गुरुवारी आपण त्याला झोपवतो.”

मी सगळं सांगितलं, बोर्ड लावून दाखवलं. मला वाटलं, आता म्हणतील, ‘अरे बापरे’. माणूस काही वाईट नाही, चूक कुणाचीही होते, आता फोन उचलतील आणि त्या बाईंना सोडवतील. मी अशी बावळट.

“हे अजून कुणाला माहीत आहे?” त्यांनी विचारलं.

“यंत्रं बंद करून चालू करायला सगळ्या दवाखान्यांना कळवलंय. कारण सांगितलेलं नाही.”

“उत्तम केलंस. कारण सांगायचंही नाही. आता अहवाल जरा फिरव. नर्सचं नाही टिकलं, तर कर्नलवर घाल.”

“कर्नलवर?”

“फुकटचं सॉफ्टवेअर, वेळेचा आकडा ओसंडतो, त्यामुळे बिघाड. म्हणून आपण आता पैसे मोजून दुसरं घेतोय. झालं. कोण येणार आहे भांडायला? कोण मालक आहे त्याचा?”

“सर, कर्नलमध्ये चूक नाही. ओळ तुमची आहे.”

“ओळ कुणाची आहे ते समितीला कळणार आहे का?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नाचता येईना अंगण वाकडं, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. पण इथं अंगण शेजाऱ्यानं फुकट वापरायला दिलेलं, सारवून, रांगोळी काढून. आणि त्याच्याच नावानं बोंब. आधी पगारी बाईला सुळावर द्यायचं, ते नाही जमलं तर बिनपगारी माणसांना. चोर आपला खुर्चीत मजेत.

“मी असं लिहिणार नाही,” मी म्हणाले.

“मग जुनाच अहवाल दे. कर्नल उत्तम आहे, एवढंच. ते तर खरं आहे ना? खरं लिहायला काय हरकत आहे तुला?”

आणि ते पुन्हा तसंच हसले. माझ्याच खऱ्या वाक्यांनी त्या बाईंचा गळा कापायचा होता त्यांना.

सोमवारी समितीसमोर मी अहवाल दिला नाही. मी लॅपटॉप आणि केबल घेऊन गेले होते. समितीत डॉक्टर शेटे, ट्रस्टचे एक विश्वस्त आबासाहेब आणि टायपिंगला एक कारकून. सिस्टर भिंतीजवळ उभ्या होत्या. मी माझी खुर्ची उचलून त्यांच्याजवळ नेली आणि म्हणाले, “बसा सिस्टर, पाच मिनिटं लागतील.” त्या बसल्या नाहीत.

“हे काय चाललंय?” उपेंद्रसर म्हणाले. “आपलं असं ठरलं नव्हतं.”

“यंत्र तपासायचं ठरलं होतं, सर. तपासतेय.”

तोच वॉर्मर तिथं आणून ठेवलेला होता. मी घड्याळाचा आकडा बदलला, यंत्र ऑटोवर लावलं, बाळाच्या जागी गरम पाण्याची पिशवी ठेवली, तिला सेन्सर चिकटवला आणि शेजारी एक साधा थर्मामीटर ठेवला.

“डॉक्टर, हिनं प्रोग्रॅम बदललाय,” सर उठून उभे राहिले. “याला काही अर्थ नाही.”

“फक्त घड्याळ पुढे केलंय. हीटरची एक ओळही बदललेली नाही. विश्वास नसेल तर मी पहिल्यासारखं करून देते. मग पन्नास दिवस यंत्र बंद न करता आपण सगळे इथंच बसून राहू.”

आबासाहेब पहिल्यांदाच बोलले. “बसा हो सरपोतदार. पाच मिनिटांनी काय बिघडतंय?”

सरांनी मध्ये एकदा चहा मागवायचा प्रयत्न केला, पण कारकूनसुद्धा उठला नाही. हीटर मंद होत होता, उजळत होता. मग तो एकदा उजळला आणि तसाच राहिला. पडद्यावर साडेछत्तीस. थर्मामीटर चढत चालला. अडतीस, एकोणचाळीस. कुणी बटणाला हात लावला नव्हता, कुणी चहाला गेलं नव्हतं. पिशवीचा रबरी वास यायला लागला आणि तेवढ्यात सिस्टर भिंगारदिवे तरातरा पुढं आल्या. त्यांनी पिशवी उचलली आणि भिंतीतला प्लग ओढला.

“बघत काय बसता?” त्या जवळजवळ ओरडल्याच. “असंच होतं त्या दिवशी! अगदी असंच!”

मी चूक कुठं आहे ते सांगितलं, ओळ दाखवली, ती कुणाची आहे तेही सांगितलं. कर्नलमध्ये काही खोट नाही, उलट अशीच कर्नलं लिहिणाऱ्या माणसांनी ही चूक पाच मिनिटांत पकडायची युक्ती मला शिकवली, हेही सांगितलं. सर मध्येच म्हणाले, “तू उद्यापासून येऊ नकोस.” मी म्हटलं, “आजपासूनच येत नाही.” नोकरी गेल्यावर वाटलं तेवढं हलकं मला पुन्हा कधी वाटलं नाही.

डॉक्टर शेटे आणि आबासाहेब आत जाऊन बोलून आले. कारकुनानं आदेश टाइप केला. डॉक्टरांनी चष्मा लावून तो वाचला. “सिस्टर भिंगारदिवे यांना संशयाचा फायदा देऊन पूर्ववत कामावर घेण्यात येत आहे.” मग कागद पुढे सरकवला. “घ्या सिस्टर. सही करा. उद्या सकाळच्या पाळीला या. झालं गेलं विसरून जाऊ.”

सिस्टरनी सही केली नाही.

“कसला संशय, डॉक्टर?”

“अहो, ती लिहायची पद्धत असते.”

“आत्ता तुमच्या डोळ्यांसमोर झालं. मग संशय कसला? फायदा नको मला. तो शब्द काढा.”

“सिस्टर, ताणू नका. काम परत मिळतंय ना?”

“काम मी मागितलंच नाही अजून. मी चहाला गेले होते, असं तुम्ही त्या बाळाच्या आईला माझ्यासमोर सांगितलंत. ओली बाळंतीण ती. माझ्याकडं बघत होती, आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. तिच्या पोराला मी भाजलं, असं ती जन्मभर समजणार. हा कागद तुमच्या कपाटात जाईल. तिला काय कळणार? आधी तिला फोन लावा. आत्ता, माझ्यासमोर.”

आबासाहेबांनी घसा खाकरला. “लावा शेटे. त्यांचं बरोबर आहे.”

कारकुनानं नंबर काढून दिला. डॉक्टरांनी फोन टेबलावर ठेवला, सगळ्यांना ऐकू येईल असा. बराच वेळ वाजल्यावर एका बाईनं उचलला.

“सुगंधा लांघी ना? मी डॉक्टर शेटे. बाळ कसं आहे?”

“बरं हाय आता. फोड सुकल्यात.”

“हं. तुम्हाला एक सांगायचं होतं. त्या दिवशी चूक यंत्राची होती. आमच्या सिस्टरची नव्हती. त्या चहाला वगैरे गेल्या नव्हत्या. आत्ता तपासणीत सिद्ध झालंय.”

पलीकडे त्या बाईंचा आवाज चढला.

“आता सिद्ध झालं? अवो, मी तिथंच व्हते की! शेजारच्या खाटंवर. सिस्टर बाळापासनं हाललीच न्हाई. तिनंच उचललं म्हून वाचलं लेकरू. मी सांगाया लागले, तवा तुमीच म्हनला, बाई, तुमी पडून ऱ्हावा, तुमाला यातलं काय कळतंय. मंग कुनी इचारलंच न्हाई मला.”

डॉक्टर शेटे फोनकडे बघत राहिले. आबासाहेबही. मीसुद्धा. तीन कर्नलं उलटीपालटी करून वाचली होती मी, पण त्या खाटेवर कोण होतं हे मलाही विचारायचं सुचलं नव्हतं. सिस्टरनी पदरात तोंड लपवलं होतं आणि त्यांचे खांदे हलत होते.

टेबलावरच्या फोनमधून त्या बाई “हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का वो?” असं विचारत राहिल्या.